स्टोकरला कुणीच सांगितलं नाही

आयुष्यात कधी आखाड्याची पायरी न चढलेल्या मराठी माणसालाही 'नुरा कुस्ती' म्हणजे काय ते कळतं. कोण पडणार, किती वेळ झुलवायचं, हे आधीच ठरलेलं. लोक शिट्ट्या वाजवतात, पैलवान घाम गाळतात आणि निकाल मात्र लढतीआधीच लागलेला असतो. पुढाऱ्यांच्या भांडणांना तर आपण हा शब्द इतका वापरतो की तो मुळात मातीतला आहे हेच विसरायला होतं. पण नुरा कुस्तीत एक गोष्ट आपण धरूनच चालतो: दोन्ही पैलवानांना ठाऊक असतं.

१९४९ साली आलेल्या 'द सेट-अप' या अमेरिकन चित्रपटात नेमकं हेच नाही. पडणाऱ्याला पत्ताच नाही, की आपण पडायचं आहे.

स्टोकर थॉम्पसन हा ३५ वर्षांचा बॉक्सर. बाहेरच्या जगात हे वय तरुण, रिंगमध्ये म्हातारं. त्याच्या मॅनेजरने, टायनीने, एका गुंडाकडून पैसे घेतलेत. बदल्यात स्टोकरने टायगर नेल्सन या चढत्या पोरासमोर आडवं पडायचं. मदतनीस रेड विचारतो, अरे पण स्टोकरला सांगायला नको? टायनीचा हिशोब सरळ आहे. हा गडी नाहीतरी हरतोच. मग त्याला सांगून वाटा कशाला द्यायचा?

'फिल्म न्वार' म्हणजे काय असं कुणी विचारलं, की मी सावल्या, पाऊस, सिगारेटचा धूर यांच्या आधी टायनीचा हा हिशोब सांगतो. एखाद्या माणसाच्या आयुष्याचा सौदा पलीकडच्या टेबलावर होतो. त्याला तिथे बोलावलेलं नसतं. इथे तर त्याला विकत घेण्याइतकीही त्याची किंमत कुणी केलेली नाही.

'न्वार' हा फ्रेंच शब्द, अर्थ काळा. अमेरिकन चित्रपटांना फ्रेंच नाव पडलं त्यामागे युद्ध आहे. जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समध्ये हॉलिवूडचे चित्रपट येत नव्हते. युद्ध संपलं आणि चार-पाच वर्षांचा साठलेला माल पॅरिसच्या थिएटरांत एकदम येऊन पडला. एरवी वर्षावर्षाने पाहिले असते ते चित्रपट तिथल्या समीक्षकांनी एकापाठोपाठ एक पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकन सिनेमाचा चेहरा काळवंडलाय. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने या चित्रपटांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. गंमत अशी, की हे चित्रपट बनवणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. त्यांच्या लेखी ते गुन्हेगारीपट करत होते, नाहीतर स्टुडिओने दिलेलं कमी बजेटचं काम उरकत होते. नाव मागाहून चिकटलं.

त्यामुळे न्वारची पक्की व्याख्या मागू नये. तो भावगीतासारखा आहे, ऐकलं की ओळखू येतं, नियम लिहायला बसलं की पंचाईत. पण त्यातला प्रकाश मात्र समजावून सांगता येतो. साधारण चित्रपटात नटावर एक मुख्य दिवा असतो आणि त्या दिव्याने चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पडलेली सावली मऊ करायला दुसरा, भरणीचा दिवा. हा दुसरा दिवा कमी करा किंवा काढून टाका. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा गायब. न्वारचं अर्धं तंत्र एवढंच. या कामात मुरलेले बरेच दिग्दर्शक आणि छायालेखक हिटलरच्या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले होते. तिकडच्या मूकपटांतल्या वाकड्यातिकड्या सावल्या त्यांनी सोबत आणल्या.

आता बॉक्सिंगची रिंग डोळ्यासमोर आणा. वरून झगझगीत दिवे, खाली पांढरा चौकोन, भोवती अंधार, अंधारात धूर आणि धुरात ओरडणारी तोंडं. न्वारला आयता सेट मिळाला. पण दोघांचं जमलं ते केवळ दिव्यांमुळे नाही. बॉक्सरकडे भांडवल म्हणून काय असतं? शरीर. तेही दर लढतीला झिजणारं. हे भांडवल त्याचं, पण करार मॅनेजरकडे, हॉल प्रमोटरकडे, पैसा बुकीकडे आणि या सगळ्यांवर दाब टोळीचा. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला आपण कुणासाठी लढतोय हे कळेलच याची खात्री नाही. म्हणून चाळीसच्या दशकात न्वार पुन्हा पुन्हा रिंगकडे वळला. १९४७ च्या 'बॉडी अँड सोल'मध्ये गरिबीतून वर आलेला बॉक्सर हळूहळू स्वतःलाच विकत जातो. १९४६ च्या 'द किलर्स'मध्ये बर्ट लँकेस्टरचा बॉक्सर हाताला इजा होऊन रिंगबाहेर फेकला जातो आणि तिथून थेट गुन्हेगारांच्या पंगतीला बसतो.

लढत 'फिक्स' करून मिळतं काय, हेही जरा उलगडायला हवं. आपल्याला पटकन सुचतो तो सट्टा. निकाल आधी कळला की पैसे कुठे लावायचे ते कळलं. पण त्याहून सावकाश चालणारा धंदा 'रेकॉर्ड'चा असतो. तरुण बॉक्सरच्या नावापुढे सलग विजय जमले, की त्याला मोठा हॉल मिळतो, मोठं मानधन मिळतं आणि एक दिवस अजिंक्यपदाची लढत. मग त्याच्या वाटेत कोण आणून उभं करायचं? नाव थोडं ओळखीचं असलेले, पण दम संपत आलेले जुने खेळाडू. शिडीच्या पायऱ्याच म्हणा ना. स्टोकर ही अशी एक पायरी आहे. पायरीला विचारून कुणी पाय ठेवत नाही.

स्टोकरला मात्र वाटतं, एक ठोसा नीट बसला की आपण पुन्हा वर. ज्युली, त्याची बायको, त्याला हॉटेलच्या खोलीत जे सुनावते ते चित्रपटातलं सगळ्यात कडू वाक्य आहे: तू कायमच 'एका ठोशाच्या अंतरावर' राहणार. आज ती लढत बघायला येणार नाही. तिला त्याचं तोंड फुटताना आणखी एकदा बघायचं नाही.

चित्रपट सुरू होतो तेव्हा रस्त्यावरच्या घड्याळात ९ वाजून ५ मिनिटं झालेली असतात. संपताना पुन्हा तेच घड्याळ दिसतं आणि मध्ये साधारण चित्रपटाच्या लांबीइतकाच वेळ गेलेला असतो. चित्रपट ७२ मिनिटांचा आहे आणि गोष्टही तेवढीच. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ मुळात संकलक, 'सिटिझन केन'चं संकलन त्याचं. संकलकाचं कामच मधला वेळ गाळण्याचं. माणूस दारातून बाहेर पडतो, कट, ऑफिसात बसलेला. मधला तास आपण मागतही नाही. वाइझने इथे ती सवलत स्वतःलाच नाकारली. वेळ गाळायचा नाही. मग कंटाळा कसा येत नाही? कारण एकाच वेळी दोन ठिकाणी गोष्ट चालू असते: इकडे ड्रेसिंग रूममध्ये स्टोकर, तिकडे रस्त्यावर भटकणारी ज्युली. एकाची पाच मिनिटं दाखवली की तेवढीच दुसऱ्याचीही गेलेली असतात. मध्येच कुठेतरी घड्याळ दिसतं आणि पोटात गोळा येतो. त्याला अजून कुणीच सांगितलेलं नाही, आणि आपल्याला माहीत आहे.

ड्रेसिंग रूमचा भाग मला लढतीपेक्षाही आवडतो. एकच खोली, आळीपाळीने तीत येणारे-जाणारे बॉक्सर. पहिल्या लढतीआधी भीतीने गळाठलेलं पोर. पुढे जायची खात्री असलेला लुथर हॉकिन्स. आणि गनबोट जॉन्सन, ज्याने एका जुन्या बॉक्सरची कहाणी पाठ केलीय: तो म्हणे कितीतरी वेळा हरला आणि मग चॅम्पियन झाला. गनबोट ती कहाणी सगळ्यांना ऐकवतो. थोड्या वेळाने त्याला धरून आत आणतात. आपण कोण हेही त्याला नीट आठवत नाही, तोंडातून नाव मात्र त्या जुन्या चॅम्पियनचंच. स्टोकर बाकावर बसून हे बघतो. एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत त्याचं तरुणपण आणि त्याचं भविष्य त्याच्यासमोरून चालत जातं. कुणी भाषण करत नाही.

त्या खोलीच्या खिडकीतून समोरचं हॉटेल दिसतं. स्टोकरची नजर सारखी तिकडे. खोलीत दिवा आहे म्हणजे ज्युली अजून तिथेच. दिवा विझतो आणि त्याचा चेहरा उजळतो, ती निघाली! ती निघालेली असते खरी, पण हॉलकडे वळत नाही. नुसती चालत राहते. पुलावर उभी राहून हातातल्या तिकिटाचे बारीक तुकडे करते आणि खालून जाणाऱ्या गाड्यांवर सोडून देते. इकडे स्टोकर रिंगमध्ये चढतो आणि तिची रिकामी खुर्ची पाहतो. न्वारमधली बाई म्हणजे पुरुषाला गोत्यात आणणारी मोहिनी, असा एक समज आहे आणि बऱ्याच चित्रपटांनी तो पोसलाही आहे. ऑड्री टॉटरची ज्युली तशी अजिबात नाही. सबंध चित्रपटात शुद्धीवर असलेलं माणूस तेवढं एकच.

या सगळ्यात पार्श्वसंगीत नाही. व्हायोलिनं येऊन तुम्हाला 'आता वाईट वाटून घ्या' असं सांगत नाहीत. जे संगीत ऐकू येतं ते गोष्टीतलंच: कुठल्यातरी रेडिओवरचं, शेजारच्या डान्स हॉलमधलं. तो डान्स हॉल म्हणजे 'ड्रीमलँड'. आणि लढती होतात त्या जागेचं नाव पॅराडाइज सिटी. स्वप्नभूमी आणि स्वर्गनगरी, दोन्ही निऑनच्या पाट्यांवर. नावं ठेवताना लेखकाने जरा जास्तच जोर लावला असं मला वाटायचं. मग आठवलं, की आपल्याकडेही सगळ्यात कळकट लॉजचं नाव हमखास 'पॅराडाइज' असतं.

लढत सुरू होते तेव्हा वाइझ कॅमेरा रिंगइतकाच प्रेक्षकांवर ठेवतो, आणि तिथे चित्रपट खरा निर्दय होतो. एक जाडा माणूस अखंड खातोय. एकाच्या कानाशी रेडिओ, त्यावर बेसबॉलची कॉमेंटरी, म्हणजे एका वेळी दोन सामने. एक आंधळा गृहस्थ, शेजारी बसलेल्याकडून ठोसा न् ठोसा ऐकून घेतोय आणि डोळसांपेक्षा जास्त पेटलाय. एक बाई, जिने आत येताना असल्या गोष्टी आपल्याला बघवत नाहीत असा आव आणलेला असतो, ती थोड्याच वेळात 'मार, मार' करून किंचाळू लागते. आपण हसतो. मग लक्षात येतं की आपणही खुर्चीच्या टोकाशी येऊन बसलोय आणि नेल्सनला एक सणसणीत बसावी म्हणून आपल्याही मुठी वळल्यात.

चार राउंडची ही लढत वाइझने काटछाट न करता दाखवलीय. तीन कॅमेरे एकदम लावले होते: एकात अख्खी रिंग, एकात दोघे बॉक्सर आणि तिसरा हातात धरलेला, जवळून मिळेल ते टिपणारा. ठोसे-पवित्रे बसवून दिले जॉन इंद्रिसानो या माजी बॉक्सरने. स्टोकर झालेला रॉबर्ट रायन स्वतः डार्टमथ कॉलेजचा हेवीवेट विजेता होता, त्यामुळे हात कसा उचलायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्याने दाखवलं ते त्याहून अवघड: दमलेला माणूस हात कसा *उचलू शकत नाही* ते. ग्लोव्ह्ज हनुवटीपर्यंत यायला क्षणभर उशीर होतो, आणि त्या क्षणात ठोसा येऊन गेलेला असतो. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात ते श्वास घ्यायला. सुबक असं काही नाही. पैसे घेऊन बसलेल्या टायनी-रेडला मात्र हळूहळू घाम फुटतो, कारण हा म्हातारा पडत नाहीये.

शेवटच्या राउंडआधी, कोपऱ्यातल्या स्टुलावर, टायनीला अखेर तोंड उघडावं लागतं. पड बाबा, पैसे घेतलेत मी. कुणाचे, तेही सांगतो. त्या गुंडाचं नाव लिटल बॉय, आणि त्याच्याशी दगाफटका करणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

इथे जरा थांबायला हवं. स्टोकरपुढे पहिल्यांदाच निवड आली आहे. आत्तापर्यंत तो हरला असता तर प्रामाणिकपणे हरला असता आणि तरीही ती नुरा कुस्तीच ठरली असती. आता पडला तर तो जाणूनबुजून पडेल. जिंकला तर दुसऱ्याने केलेला सौदा त्याने मोडला असं होईल, जो सौदा त्याने कधी केलाच नव्हता. दोन्हीकडून मार त्यालाच. स्टोकर उठतो, नेल्सनला झोपवतो आणि जिंकतो. टायनी आणि रेड तोवर पसार झालेले असतात.

पुढची काही मिनिटं शुद्ध न्वार. रिकामा हॉल, बंद दारं, दारामागून दार ढकलत फिरणारा एक सुजलेला माणूस. शेवटी तो मागच्या गल्लीत निघतो आणि तिथे लिटल बॉय आणि त्याची माणसं उभीच असतात. ते त्याचा हात मोडतात, पण कॅमेरा ते दाखवत नाही. त्या काळी हॉलिवूडला स्वतःच घालून घेतलेली आचारसंहिता पाळावी लागे. तिच्या धाकाने चांगले दिग्दर्शक आडवाटा शोधत. इथे विट उचललेली दिसते आणि विटांच्या भिंतीवर दिसतात ड्रीमलँडच्या बँडवाल्यांच्या सावल्या. ड्रम वाजत राहतो. हाड मोडल्याचं आपण पाहत नाही, ड्रम ऐकतो, आणि पुढे बराच वेळ तो ऐकू येत राहतो.

हे कथानक मुळात एका दीर्घकवितेतलं, हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. जोसेफ मॉन्क्युअर मार्च याने ती १९२८ मध्ये लिहिली. तिचा नायक पॅन्सी जोन्स हा काळा बॉक्सर. चित्रपटात तो गोरा झाला आणि हा बदल मार्चला अजिबात रुचला नाही. का रुचेल? ज्याला न विचारता त्याचा सौदा होतो, ज्याची किंमत दुसरेच ठरवतात, असा माणूस त्या काळच्या अमेरिकेत काळा असणं म्हणजे गोष्टीला आणखी एक तळ असणं. तो तळ चित्रपटात बुजवला गेला. लुथर हॉकिन्सच्या छोट्या भूमिकेत जेम्स एडवर्ड्स हा काळा नट आहे, आणि उमदा आहे, पण मध्यभागी तो नाही. चित्रपट कितीही आवडत असला तरी ही खोट मला झाकावीशी वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पडद्यावरचं, खरं एवढं थोडंच होतं? १४ नोव्हेंबर १९४७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा हा नावाजलेला मिडलवेट बॉक्सर बिली फॉक्सकडून चौथ्या राउंडमध्ये हरला. तो खाली पडलाच नाही. दोरांना टेकून मार खात राहिला, शेवटी पंचाने लढत थांबवली. लोकांना तेव्हाच वास आला. शिक्षा झाली ती दुखापत लपवल्याची: एक हजार डॉलर दंड आणि काही महिन्यांची बंदी. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे लामोटाने शपथेवर कबूल केलं, की ती लढत आपण जाणूनबुजून हरलो. एक लाख डॉलर देऊ केले होते ते नाकारले, पण अजिंक्यपदाची लढत हवी होती आणि टोळीच्या मर्जीशिवाय ती मिळत नव्हती. ती मिळाली १९४९ च्या जूनमध्ये, 'द सेट-अप' प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच, आणि मार्सेल सेरदाँला हरवून तो विश्वविजेता झाला. मुद्दाम हरला तो चॅम्पियन झाला. न पडलेल्या स्टोकरचा हात मोडला. या लामोटावर पुढे १९८० मध्ये 'रेजिंग बुल' काढणारा मार्टिन स्कॉर्सेसी 'द सेट-अप'चा मोठा चाहता आहे. डीव्हीडीवर वाइझच्या बरोबरीने त्याचंही निवेदन आहे.

चित्रपटाला १९४९ च्या कान महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि मिल्टन क्रॅस्नरला छायालेखनाचा. अमेरिकेत तो मोठा गाजला असं मात्र नाही. वाइझचं नाव आज बहुतेकांना ठाऊक असतं ते 'द साउंड ऑफ म्युझिक'मुळे, म्हणजे डोंगरावर गाणाऱ्या पोरांमुळे. त्याच माणसाने ही गल्ली काढली हे सांगितलं तर लोक दोनदा विचारतात.

पाहायला बसाल तर एकदा घड्याळ जवळ ठेवून बघा, मीही ठेवलं होतं. आणि लढतीच्या वेळी रिंगशेजारी बसून घंटा वाजवणाऱ्या माणसाकडे नीट लक्ष द्या. तो व्यावसायिक नट नाही. तो वीजी, न्यूयॉर्कचा छायाचित्रकार. रात्रभर पोलिसांचा रेडिओ ऐकत हिंडायचा आणि खून झाला की फ्लॅश घेऊन कधीकधी पोलिसांच्याही आधी पोचायचा. न्वारमध्ये जे दिवे लावून उभं करावं लागे, ते तो रोज रस्त्यावर उचलत होता. इथे त्याच्या हातात कॅमेरा नाही. समोर दोन माणसं एकमेकांना फोडतायत आणि तो शांतपणे वेळ मोजतोय.